खटल्याची लांबण व पंचांचा भार
(बीड प्रांताच्या अनुषंगानें)

निवाड्याचा जुना कागद हातीं आला म्हणजे संशोधकाची दृष्टि साहजिकच प्रथम तिथीकडे, मग वादी-प्रतिवादींच्या नांवांकडे आणि शेवटीं निकालाकडे जाते. वतन कोणाकडे राहिलें, पाटिलकीचा मान कोणाचा ठरला, शेत कोणत्या शिवेंत गेलें, हें समजलें कीं कागदाचें काम झालें असें आपण मानतों. पण त्याच कागदावर हाजीर मजालसीची जी लांबलचक यादी असते, म्हणजे देशमुख, देशपांडे, गांवोगांवचे मोकदम, कुलकर्णी, शेटे, महाजन व बलुतेदार यांचीं नांवें, ती वाचण्याचा बहुधा कंटाळा येतो. प्रस्तुत लेखांत आम्ही त्या यादीसच प्रश्न विचारूं इच्छितों. हे लोक आपलीं कामें टाकून बसले, त्याचा मोबदला त्यांस काय मिळाला? वाद जसजसा लांबत गेला, तसतसें त्यांचें व त्यांनीं करावयाच्या न्यायाचें काय झालें?

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. खटला लांबला म्हणजे त्याचा भार प्रथम बिनपगारी, गांवच्या साध्या माणसावर पडतो. तो भार उचलण्याची सोय समाजानें किंवा सरकारनें केली नाहीं, तर हा माणूस न्यायासनावरून हळूहळू दूर होतो व त्याचा अधिकार पगारी अधिकाऱ्याकडे जातो. गोतसभा व ज्यूरी या दोन अगदीं निराळ्या संस्था असतांही दोहोंच्या ऱ्हासांत हें कारण दिसून येतें.

या विचारासाठीं आम्हीं बीड प्रांत पुढें घेतला, याचें कारण त्याच्या स्थानांत आहे. गोदावरीच्या दक्षिणेचा हा मुलूख १७२४ नंतर निजामाच्या राज्यांत आला, पण चौथ-सरदेशमुखीच्या रूपानें मराठ्यांचा हात त्यावर राहिलाच. गेवराई तालुक्यांतील राक्षसभुवन येथें १० ऑगस्ट १७६३ रोजीं थोरल्या माधवरावांनीं निजामअलीचा पराभव केला, तें रण याच नदीकांठचें. पश्चिमेस लागूनच अहमदनगरचा प्रांत. तो १८१८ नंतर इंग्रजांकडे गेला व बीड निजामाकडेच राहिलें. एकाच भाषेचे, एकाच वतनी रचनेंत वाढलेले लोक एका सीमेच्या दोन बाजूंस पडले, आणि दोन्ही बाजूंस जुन्या पंचांचें काय झालें हें शेजारीं शेजारीं ठेवून पाहतां येतें.

प्रथम गोतसभेचें स्वरूप पाहूं. वतन, सीमा, वारसा अशा तंट्यांत गोत म्हणजे त्या त्या ठिकाणचे वतनदार व बलुतेदार एकत्र बसत. सरकारचे अधिकारी असले तर ती मजालस होई. वादी-प्रतिवादींकडून आधीं जामीन व राजीनामे घेत, म्हणजे सभा सांगेल तें मान्य करूं असें लिहून घेत. मग प्रत्येकाची तकरीर, म्हणजे आपल्या बाजूची लेखी हकीकत. नंतर कागद व साक्षी. साक्षीदारास बेलभंडार देऊन किंवा नदीच्या पाण्यांत उभें करून सत्य बोलण्याची शपथ घालीत, आणि खोटें बोलल्यास बेचाळीस पूर्वज नरकांत जातील असें बजावीत. शेवटीं महजर लिहून त्यावर ज्याच्या त्याच्या निशाण्या होत. पाटलाचा नांगर व बलुतेदारांच्या धंद्यांचीं हत्यारें यांच्या आकृत्या त्या कागदांवर आजही स्पष्ट दिसतात. हरणाऱ्याकडून यजितखत लिहून घेत, म्हणजे आपण हरलों अशी कबुली.

या सर्व कामास वेळ लागे. कोणी बोलावूनही न आल्यास त्याच्याकडे सरकारी माणूस पाठवीत व त्याचा खर्च, म्हणजे मसाला, त्याच्याच माथीं बसे. एका पक्षास सभा आपल्या विरुद्ध आहे असें वाटलें तर तो दुसरें थळ मागे, आणि तंटा एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाई. धर्माचा किंवा प्रायश्चित्ताचा प्रश्न असला तर तो पैठणसारख्या क्षेत्रींच्या ब्रह्मसभेकडे पाठवीत. वतनाचे कांहीं तंटे बापाच्या काळीं सुरू होऊन मुलाच्या काळांत मिटले. निकाल झाल्यावर जिंकणाऱ्याकडून हरकी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी घेत, ती सरकारची प्राप्ति. बसणाऱ्या गोतास ठराविक असें वेतन त्यांतून नव्हतें. त्याला मिळे तो मान, आणि उद्यां आपल्या वतनाचा प्रश्न निघाला तर इतरही आपल्यासाठीं असेच बसतील हा भरंवसा. ज्याच्या पोटाची सोय वतनानें केलेली आहे त्याला हा भरंवसा पुरेसा असे, आणि वतनी रचना टिकली तोंवर गोतसभा टिकली याचें मर्म येथेंच आहे.

दिव्याची चालही या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. साक्षी सारख्या तुटल्या, कागद दोन्हीकडे निघाले आणि सभेचें एकमत होईना, म्हणजे दिव्य करण्याचें ठरे. रवादिव्यांत कढत तेल-तुपांतून धातूचा तुकडा हातानें काढावयाचा, मग हात पिशवींत बांधून मोहोर करावयाची आणि तिसऱ्या दिवशीं पिशवी उघडून हात पोळला कीं नाहीं हें पाहावयाचें. आज आपणांस ही रीत क्रूर वाटते व ती तशी होतीच. परंतु तिच्यामागें केवळ भोळी श्रद्धा होती असें आम्हांस वाटत नाहीं. वर्षानुवर्षें न तुटणारा वाद कोठेंतरी संपविण्याची गरज त्या लोकांस होती. सभेचा वेळ संपत आला कीं देवावर भार टाकीत, असें म्हणावयास हरकत नाहीं.

फौजदारी गुन्ह्यांची गोष्ट थोडी निराळी होती, हें येथें स्पष्ट केलें पाहिजे. चोरी, दरोडा, खून यांचा न्याय बव्हंशीं अंमलदारांच्या हातीं असे व तो गोतसभेइतका सावकाश चालत नसे. तरी गांवावर भार होताच. चोरीचा माग ज्या गांवच्या शिवेपर्यंत जाई, त्या गांवानें तो माग पुढें काढून द्यावा, नाहींतर नुकसान भरून द्यावें, असा दंडक होता. म्हणजे पुरावा जमविण्याचें काम व तें न झाल्यास दंड, दोन्ही गांवाकडेच. मागाचें काम मात्र ताज्या पावलांचें असल्यामुळें लवकर उरके, आणि तें झालें कीं जागल्या आपल्या घरीं जाई. पुढें वर्षानुवर्षें त्याला कोणी बोलावीत नसे.

१८१८ मध्यें पेशवाई बुडाल्यावर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें जिंकलेल्या मुलुखाविषयींचा आपला अहवाल १८१९ मध्यें सादर केला. पंचायतीविषयीं त्यानें जें लिहिलें, तें आमच्या विषयास फार उपयोगी आहे. पंच जमविणें कठीण, जमलेल्यांस हजर ठेवण्याचें साधन अपुरें, साक्षीदार आणविण्याचा व निकाल अंमलांत आणण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाहीं, त्यामुळें काम रेंगाळतें, हे दोष त्यानें पाहिले. तरीही लोकांचा या संस्थेवर विश्वास आहे हेंही त्यानें नोंदविलें, आणि पंच परमेश्वर ही म्हण त्याच्या कानीं आली होती. त्याची इच्छा पंचायत चालू ठेवण्याची होती. पण १८२७ मध्यें त्याच्याच नांवानें ओळखली जाणारी कायद्यांची संहिता झाली, तींत मुन्सफ व जिल्हा न्यायाधीश यांचीं कायमचीं न्यायालयें आलीं, आणि पंचायत ही पक्षकारांनीं मागितली तर मिळणारी गोष्ट होऊन राहिली. एका बाजूस पगारी न्यायाधीश, ज्याचा हुकूम शिपाई बजावतो. दुसऱ्या बाजूस बिनपगारी पंच, ज्यांस जमविण्यासच महिना लागतो. पक्षकार कोणीकडे गेला असेल हें सांगावयास नको.

पंच लांचखाऊ झाले म्हणून पंचायत बुडाली, किंवा इंग्रजांनीं ती मुद्दाम मोडली, अशीं दोन मतें नेहमीं ऐकूं येतात. दोहोंतही कांहीं तथ्य असेल. परंतु एल्फिन्स्टनच्या तक्रारी नीट पाहिल्या तर त्यांतील बहुतेक वेळेच्या व खर्चाच्या आहेत. पंचांच्या बुद्धीस त्यानें नांव ठेवलेलें नाहीं. पंचास प्रवासखर्च, संरक्षण आणि निकाल बजावण्याचा अधिकार दिला असता तर काय झालें असतें, हा प्रयोग मनापासून कधींच झाला नाहीं.

सीमेच्या पलीकडे बीडकडे पाहावें तर वाट निराळी, पण शेवट तोच. पहिले सालारजंग हे १८५३ ते १८८३ पर्यंत हैदराबादचे दिवाण होते. त्यांच्या काळांत १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी झाली व जिल्हा, तालुका अशीं न्यायकचेऱ्यांचीं पायरीवार स्थानें ठरलीं. फारसीची जागा पुढें उर्दूनें घेतली. १९२१ मध्यें न्यायखातें कारभारखात्यापासून वेगळें करण्यांत आलें. ही सुधारणा ब्रिटिश मुलुखाच्याही आधींची, हें हैदराबादच्या बाजूनें नमूद केलें पाहिजे. पण गांवच्या माणसाच्या दृष्टीनें पाहतां, जबानी मराठींत व दप्तर उर्दूंत, अशा कचेरींत त्याचें स्थान साक्षीदाराचें उरलें. गोताच्या यादींत नांगर काढणारा पाटील आतां कचेरीच्या ओट्यावर पुकाऱ्याची वाट पाहूं लागला.

ब्रिटिश मुलुखांत मात्र साध्या माणसास न्यायासनाजवळ बसविण्याचा दुसरा एक प्रकार आला, तो ज्यूरीचा. त्याचें मूळ इंग्लंडांत, आणि खटल्याच्या लांबणीशीं त्याचा झगडा तेथेंच सुरू झाला होता. जुन्या इंग्रजी रिवाजांत निकाल देईपर्यंत ज्यूरीस अन्न, पाणी, विस्तव कांहीं देत नसत. १६७० मध्यें विल्यम पेन याच्या खटल्यांत न्यायाधीशाच्या मनासारखा निकाल देईनात म्हणून ज्यूरीस उपाशी कोंडून ठेवलें व शेवटीं दंड केला. त्यांतील बुशेल यानें दाद मागितली, तेव्हां निकालाबद्दल ज्यूरीस शिक्षा करतां येत नाहीं हें ठरलें. ही कडक रीत चालूं शकली, कारण खटले एका दिवसांत उरकत. १७९४ मध्यें टॉमस हार्डी याच्यावरील राजद्रोहाचा खटला आठ दिवसांहून अधिक चालला, तेव्हां ती गोष्ट नवलाची ठरली. ज्याच्या कारकीर्दींत पहिलें इंग्रज-मराठा युद्ध झालें त्या वॉरन हेस्टिंग्जवर उमरावांच्या सभेपुढें १७८८ मध्यें खटला सुरू झाला, तो १७९५ मध्यें संपला. आरंभीं शंभराहून अधिक उमराव मोठ्या थाटानें बसले होते. निकालाच्या वेळीं मत देणारे अवघे २९ उरले. लांबलेल्या कामांत पंच कसे गळतात याचें याहून स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं, आणि हे पंच तर इंग्लंडचे सर्वांत धनाढ्य लोक होते.

हिंदुस्थानांत १८२६ च्या कायद्यानें इलाख्यांच्या राजधान्यांतील ज्यूरींत एतद्देशीयांस प्रवेश मिळाला, आणि १८६१ च्या फौजदारी कार्यपद्धतीनें प्रांतिक सरकारांस निवडक जिल्ह्यांत ज्यूरी बसविण्याची मुभा दिली. १८९८ च्या संहितेंत या सर्वांची नीट मांडणी आहे. हायकोर्टांत ज्यूरर नऊ. वय एकवीस ते साठ, पुरुष. समन्स मिळूनही न आल्यास शंभर रुपयांपर्यंत दंड. डॉक्टर, वकील, टपाल व तारखात्याचे नोकर वगैरेंस सूट असल्यामुळें भार व्यापारी व कारकून वर्गावर अधिक येई. खटला एका दिवसांत न संपल्यास ज्यूरीस कोर्टाच्या नोकराच्या नजरेखालीं एकत्र ठेवावें कीं घरीं जाऊं द्यावें, याचाही विचार २९६ व्या कलमांत आहे. कायदा करणारास लांबण दिसत होती, एवढें यावरून सिद्ध होतें.

महाराष्ट्राच्या आठवणींतील ज्यूरीचा सर्वांत प्रसिद्ध खटला १९०८ चा, लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा. १३ जुलैस तो सुरू झाला व २२ जुलैच्या रात्रीं संपला. टिळकांनीं स्वतः ज्यूरीपुढें केलेलें भाषण एकवीस तासांहून अधिक चाललें. ज्यूरींत सात युरोपियन व दोन पारशी गृहस्थ होते. लेख होते मराठी केसरींतले, आणि ज्यूरीनें त्यांचीं इंग्रजी भाषांतरें वाचून मत बनवावयाचें होतें. निकाल सात विरुद्ध दोन असा होऊन सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या खटल्यांतील अन्यायाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्ही एवढेंच म्हणूं कीं, मूळ भाषा ज्यांना येत नाहीं अशा माणसांस शब्दाशब्दाचा कीस काढणारा वाद दिवसेंदिवस ऐकावयास बसविलें, तेव्हां वेळेचा भार त्यांच्यावर पडला, पण तो सार्थ करण्याचें साधन त्यांच्यापाशीं नव्हतें. गोतसभेंतील निरक्षर बलुतेदारास वादाची भाषा तरी कळत होती.

ज्यूरीचा शेवट सर्वश्रुत आहे. १९५९ मधील नानावटी खटल्यांत मुंबईच्या ज्यूरीनें आठ विरुद्ध एक मतानें आरोपी निर्दोष ठरविला. सेशन न्यायाधीशांनीं तो निकाल अमान्य करून प्रकरण हायकोर्टाकडे धाडलें व तेथें आरोपीस जन्मठेप झाली. १९६१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. त्याच्या आधींच १९५८ मध्यें विधि आयोगानें आपल्या चौदाव्या अहवालांत ज्यूरी बंद करावी असें सुचविलें होतें, हें विसरून चालणार नाहीं. एका नानावटी खटल्यानें ज्यूरी बुडाली ही समजूत त्यामुळें अपुरी ठरते. १९७३ च्या फौजदारी संहितेंत ज्यूरीला जागाच उरली नाहीं. बीडपुरतें बोलावयाचें तर १९५१ मध्यें १८९८ ची संहिता हैदराबाद राज्यास लागू झाली, १९५६ मध्यें हा जिल्हा मुंबई राज्यांत आला. परंतु ज्यूरी कोणत्या जिल्ह्यांत बसवावयाची हें सरकारच्या अधिसूचनेवर अवलंबून असल्यानें हीं कलमें येतांच जिल्ह्यास ज्यूरी मिळाली असें झालें नाहीं, आणि लवकरच तीं कलमेंही गेलीं.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, मग पंच संपले व त्यांचा भारही संपला. तसें झालेलें नाहीं. पंच हा शब्द आजही प्रत्येक फौजदारी खटल्यांत आहे, फक्त तो पंचनाम्यांत आहे. १८९८ च्या संहितेच्या १०३ व्या, पुढें १९७३ च्या संहितेच्या १०० व्या कलमानें झडतीच्या वेळीं त्या वस्तींतील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी हजर हवेत. लेखी हुकूम मिळूनही सबळ कारणावांचून नकार देणें हा गुन्हा. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेनें झडतीचें चित्रीकरण आवश्यक केलें, पण पंच राहिलेच. या पंचास निकालाचा अधिकार नाहीं, मत देण्याचा नाहीं. त्यानें सही करावयाची आणि समन्स आलें म्हणजे कोर्टांत येऊन ती ओळखावयाची. समन्स केव्हां येईल हें त्याच्या हातीं नाहीं. मुंबईच्या १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा खटला १९९५ मध्यें उभा राहिला, त्यांत ६८४ साक्षीदार तपासले गेले, आणि शिक्षा २००६-०७ मध्यें सुनावल्या गेल्या. इतका मोठा खटला क्वचित् होतो हें खरें. पण लहान खटल्यांतील पंचासही कांहीं वर्षांनीं जुनी गोष्ट आठवून सांगावी लागते, आणि आठवण फिकी झाली कीं उलटतपासणींत खोटारडा ठरावें लागतें.

बीड जिल्ह्यांत या भारास एक विशेष रूप आहे. केज, पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर, आष्टी या भागांतून दरसाल हजारों कुटुंबें ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. मुकादमाची उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लागतें तें गुढीपाडव्याच्या आसपास उघडतें. पंचनाम्यावर सही करणारा असाच कोणी शेजारी असतो. समन्स घेऊन आलेल्या शिपायास दारावर कुलूप दिसतें. फडावर निरोप पोंचला तरी एका तारखेसाठीं येणें म्हणजे जाण्यायेण्याचे दिवस, बुडालेली मजुरी व मुकादमाचा तगादा. तो येऊनही तारीख पुढें गेली, तर पुन्हां तेंच. कायद्यांत साक्षीदारास खर्च देण्याची तरतूद आहे. पण बुडालेला कोयता त्यांत मोजला जातो असें कोणी म्हणणार नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९७९ मध्यें हुसैनारा खातून प्रकरणांत शीघ्र न्याय हा आरोपीचा मूलभूत हक्क मानला. साक्षीदाराच्या व पंचाच्या दिवसांचाही तेथें कांहीं हक्क असावा, हें म्हणणें अजून तितक्या जोरानें मांडलें गेलेलें नाहीं.

आमच्या लिहिण्याचा अर्थ गोतसभा परत आणावी असा कोणी घेऊं नये. तींत वतनदाराचा शब्द जड व कुळाचा हलका होता. स्त्रियांना तेथें फारसें स्थान नव्हतें. महाराची निशाणी महजरावर उमटली म्हणून त्याला बरोबरीचा मान होता असें होत नाहीं. ज्यूरीचेही दोष आम्हीं वर दाखविलेच आहेत. परंतु त्या दोन्ही संस्थांत ज्याचा दिवस घेतला त्यास निकालांत वांटा दिला जाई. आज दिवस तसाच घेतला जातो व वांटा मात्र राहिला नाहीं. निदान त्या दिवसाची किंमत, नेमलेल्या तारखेची शाश्वती आणि येणाऱ्याचें संरक्षण, एवढें देणें सरकारला कठीण नसावें.

संशोधकांस शेवटीं एक विनंति. बीड, अंबाजोगाई, धारूर, परळी या भागांतील वतनदार घराण्यांत निवाड्यांचीं कागदपत्रें असतील, त्यांचें वाचन करतांना मजालसीच्या याद्या गाळूं नयेत. एकच नांव किती महजरांवर येतें, दोन तारखांत किती अंतर पडतें, आणि पहिल्या बैठकींतील किती माणसें शेवटच्या बैठकीपर्यंत टिकतात, हें मोजून ठेवावें. त्या मोजणींतून जुन्या न्यायाचा खर्च कोणाच्या शेतांतून व कोणाच्या घरांतून निघाला हें कळेल, आणि तो आज कोणाच्या घरांतून निघतो हें ओळखण्यास मदत होईल.